मामांची दवंडी

माझ्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक चालू असताना एक गृहस्थ मांडवातून पुढे आले आणि त्यांनी भटजींचा हात धरला. मध्ये अंतरपाट, माझ्या हातात हार, मांडवभर मुठीत अक्षता धरून ताटकळलेली माणसं, आणि हे गृहस्थ अगदी सावकाश विचारत होते की गुरुजी, आत्ता जो शब्द म्हणालात त्याचा अर्थ काय. भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल. त्यावर गृहस्थ म्हणाले, "टळू द्या. पोरीकडून जन्माचं काही कबूल करून घेऊन राह्यले तुम्ही. काय कबूल करून राह्यली ते तं तिले समजू द्या."

भटजींना त्या शब्दाचा अर्थ येत नव्हता. तसं त्यांनी शेवटी घाम पुसत सांगितलं. मग गृहस्थांनी अंतरपाटाच्या पलीकडे वाकून नवरीलाच विचारलं की थांबायचं की पुढे जायचं. पलीकडून बारीक आवाज आला, "पुढे." तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आज पंचवीस वर्षं तो मी रोज ऐकतो आहे, आणि भांडण झालं की तो आवाज म्हणतो की मामांनी विचारलं होतं तेव्हाच नीट विचार करायला हवा होता.

हे मामा माझ्या बायकोचे. पण सगळा बुलढाणा त्यांना मामाच म्हणे, आणि बाजारातली माणसं मेंबरसाहेब म्हणत, कारण मामा नागपूरच्या कायदे-कौन्सिलात निवडून गेले होते. मी मामाच म्हणतो. ते मला जावईबापू म्हणत. आमच्याकडे जावयाला पाटावर बसवून त्याच्या पुढ्यात वाढतात, त्याच्याशी खालच्या आवाजात बोलतात. मामांच्या तोंडी 'जावईबापू' हा शब्द ऐकला की आपण शाळेत पाढे विसरलो आहोत असं वाटे.

त्यालाही कारण होतं. मी पुण्याला वकिलीचा अभ्यास करायला गेलो होतो. दोनदा नापास झालो आणि भाषा तेवढी शुद्ध करून परत आलो. इथे एका खाजगी इंग्रजी शाळेत मास्तर झालो. मामा स्वतः नामांकित वकील, इंग्रजी उत्तम, पण घरात, बाजारात आणि अशिलाशी ते अस्सल वऱ्हाडीच बोलत. मी 'मला' म्हटलं की ते डोळे बारीक करून विचारत, "मले म्हन्याले काय पैसे लागते?"

मामांना कोणतीही गोष्ट न वाचता घेता येत नसे. मलकापूर स्टेशनावर तिकीट घेतलं की खिडकीसमोरच उभे राहून ते त्याच्या मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचत. मागची रांग कुरकुरू लागली की ते वळून लोकांना विचारत की गाडी चुकली तर पैसे परत मिळतात की नाही, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे. कोणालाच माहीत नसे. मग रांगच बाबूला विचारी. बाबूलाही माहीत नसे. अशा रीतीने एकदा आमची गाडी खरोखरच चुकली, आणि पैसे परत मिळतात की नाही याचा उलगडा झाला. मिळत नाहीत. मामा खुशीत होते. फलाटावरच्या बाकड्यावर आम्ही दुसऱ्या गाडीची सहा तास वाट पाहिली, आणि त्या सहा तासांत मला बायकोकडच्या माणसांविषयी पुष्कळ काही कळलं.

त्यांच्या घराला कुलूप नसे. पोलीस पहारा देतात, त्यांचा पगार आपण देतो, मग पुन्हा कुलूप कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. एकदा घरातलं तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं. मामी रडल्या. मामा ठाण्यात गेले, पण फिर्याद द्यायला नव्हे. आमच्या आळीत शिपायाने किती फेऱ्या मारायच्या असा नियम आहे, तो नियम कुठे लिहिलेला आहे आणि तो कागद मला पाहायला मिळेल काय, असं विचारायला. कागद सापडेना. घंगाळही सापडलं नाही. पण तीन महिन्यांनी तो नियमाचा कागद सापडला, आणि मामांनी घरी पेढे आणले. मामींनी पेढ्याला हात लावला नाही.

असा माणूस कौन्सिलात विरोधी बाकांवर बसणार हे उघड होतं. सरकारी बाकांवर बसला असता तर सरकारचं काहीच पुढे सरकलं नसतं. मामांची काम करायची एक पद्धत होती. कौन्सिलात येऊ घातलेल्या प्रत्येक बिलाची इंग्रजी प्रत टपालाने येई. ती ते आधी स्वतः वाचत, मग माझ्याकडून मराठी करून घेत, आणि मग आठवडी बाजारात घेऊन जात. कधी देऊळघाटच्या, कधी धाड गावच्या. ज्याला ते बिल लागू होणार अशा माणसाला गाठून त्याला ते वाचून दाखवत. गुरांच्या दवाखान्याचं बिल असलं की गुरं विकणाऱ्याला, वजनमापाचं असलं की तराजूवाल्याला. तो माणूस आधी घाबरे. मग ऐके. मग एखादा प्रश्न विचारी. तो प्रश्न मामा जसाच्या तसा लिहून घेत आणि नागपूरला जाऊन तसाच्या तसा इंग्रजीत विचारत. कौन्सिलात हसू होई. मामांना हसण्याचं काही वाटत नसे. "हसू द्या. उत्तर येऊन नाही राह्यलं म्हनून हसते," ते म्हणत.

मग ते पोलीस सुधारणेचं बिल आलं.

दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात दरोडे पडले होते, म्हणून सरकारला घाई होती. बिलाच्या प्रती मेंबरांच्या हाती पडल्या त्या कौन्सिल भरायच्या जेमतेम आठवडाभर आधी, आणि सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की निकड लक्षात घेता तिन्ही वाचनं एकाच बैठकीत उरकायची आहेत. मामांनी ते पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वाचनं एकाच बैठकीत म्हणजे काय, असं मामींनी विचारलं. मामा म्हणाले की पोरगी पाहणं, साखरपुडा आणि लग्न एकाच दुपारी.

बिलात बरंच काही होतं, बरंचसं बरंही असेल. पण एक कलम असं होतं की जो कोणी इसम सूर्यास्तानंतर स्वतःच्या गावाबाहेर आढळेल, त्याने ठाणेदाराने सांगितल्यास जवळच्या ठाण्यात जाऊन नाव-गाव लिहवून अंगठा द्यावा. न दिल्यास ठाणेदार त्याला मॅजिस्ट्रेटच्या हुकमावाचून अटकेत ठेवू शकेल. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेवढ्यात म्हणालो की चोरांसाठी हे ठीकच आहे. मामा म्हणाले, "जावईबापू, सूर्यास्तानंतर गावाबाहेर चोरच राह्यते काय? तुम्ही पुण्यात दोन वर्ष कुठं राह्यत होते?"

वेळ कमी होता. एकेकाला गाठून बिल वाचून दाखवण्याइतके दिवस हाती नव्हते. मध्ये एकच मोठा बाजार येत होता. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून ही गोष्ट मनाला लावून घेतात. मामांनी ठरवलं की यावेळी बिलाची दवंडी द्यायची. एका दमात सगळ्या बाजाराला कळेल. मग शाळेसमोरच्या लिंबाखाली आपण खुर्ची टाकून बसू, ज्याला प्रश्न असेल तो येऊन विचारील.

दवंडीचा मजकूर मी लिहिला. चांगला लिहिला होता. शेवटी ठळक अक्षरांत वाक्य होतं की हा अजून कायदा झालेला नाही, फक्त मसुदा आहे, कोणास काही म्हणावयाचे असल्यास मेंबरसाहेबांस येऊन भेटावे. मामांनी ते वाक्य दोनदा वाचून मान डोलावली होती. तो कागद घेऊन मी त्या गावच्या कोतवालाकडे गेलो. भिकाजी नाव. गावातली दवंडी देणं, सरकारी टपाल पोचवणं, पाटलाच्या बोलावण्याला धावणं ही त्याची कामं. तीस वर्षं करत होता. वाचता येत नसे, पण एकदा ऐकलं की त्याच्या डोक्यात कोरलं जाई. मी मजकूर वाचून दाखवला. तो हळूहळू मान हलवत होता. शेवटच्या वाक्यापाशी मान थांबली.

तो म्हणाला, "मास्तर, हे शेवटचं कसं म्हनू? दवंडी देली म्हंजे ठरलं. दवंडी देऊन 'अजून ठरलं नाही' म्हनलं तं लोक डफडं हिसकून घेतील माह्यापासून."

मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. तेवढ्यासाठीच मला पाठवलं होतं. पण समोरच्या दुकानात भज्यांचा पहिला घाणा नुकताच कढईतून निघत होता, आणि सकाळपासून मी मामांबरोबर होतो, म्हणजे उपाशी होतो. मी म्हणालो, "बरं, सोड ते. तुझ्या पद्धतीनं दे." आणि मी भज्यांकडे गेलो.

भिकाजीची पद्धत म्हणजे सगळ्या वऱ्हाडची पद्धत. डफड्यावर तीन थापा, "ऐका हो ऐका, सरकारचा हुकूम हाये हो," आणि मग मजकूर. भजी खाता खाता मी ते दुरून ऐकलं. आवाज खणखणीत होता. मला बरं वाटलं.

मामा लिंबाखाली बसले होते, मांडीवर वही, हातात पेन्सिल. दुपार उतरू लागली. एकही माणूस येईना. मामा अस्वस्थ झाले. एवढं मोठं कलम, आणि कोणाला प्रश्न नाही? असं कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, लोकांना पसंत असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी एक जण आला. बांगड्यांची हारडी खांद्यावर घेतलेला मन्यार. रोज एका गावचा बाजार करणारा. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"मेंबरसाब," तो म्हणाला, "आठवड्याले सात बाजार करतो मी. रोज रात रस्त्यात. तं हाजरी कोन्त्या ठान्यात देऊ?"

मामांनी मन लावून तो प्रश्न लिहून घेतला. वा, म्हणाले. हा प्रश्न मी नागपूरला होम मेंबरला विचारतो.

"ते कवा सांगतील? सुरज डुबाले आला, साब. मले आत्ताच जाचं हाय."

"आत्ता? कुठं?"

"ठान्यात. सारा बाजार तिकडंच गेला न."

मामा उठले. त्यांना मी त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं.

ठाण्यासमोर जत्रा होती. बाजार म्हटला की त्यात निम्मी माणसं परगावची, आणि सूर्य मावळायच्या आत आपापल्या गावी पोचणं कोणालाच शक्य नव्हतं. ती सगळी रांगेत उभी होती. तेली होते, कोष्टी होते, मिरच्या विकणाऱ्या बाया होत्या, बैल घेऊन आलेली माणसं बैलांसकट होती. खुद्द त्या गावचीही काही माणसं होती. आपलं नाव लिहिलेलं असलं तर बरं, म्हणून. ठाणेदार खाँसाहेब मेजामागे बसून लिहीत होते. वयस्क, जाड भिंगाचा चष्मा, सज्जन माणूस. तिन्ही शिपाई रांग सरळ करण्यात गुंतले होते. खाँसाहेबांनी मामांना पाहिलं आणि टाक खाली ठेवला.

"मेंबरसाब, ये कौनसा कानून है? मेरे पास तो आया नहीं," ते म्हणाले. "लेकिन दवंडी हुई है, लोग आ गए हैं. मना कैसे करूँ?"

कोणीही शहाणा माणूस तिथे रांगेसमोर उभा राहून सांगेल की बाबांनो, चूक झाली, घरी जा. मामांनीही शेवटी तेच केलं. पण त्याआधी ते काही वेळ नुसते पाहत उभे राहिले, हे मी नाकारत नाही. एका माणसाला किती वेळ लागतो, एकाच नावाचे चार जण आले की खाँसाहेब काय करतात, बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाकारलं तर रकाना कसा भरतात. त्यांच्या डोळ्यांत तीच चमक होती, जी घंगाळ गेलं त्या दिवशी होती. मग एक कापडवाला बोंबलत आला. तिन्ही शिपाई ठाण्यात अडकलेले पाहून कोणीतरी बाजारातून त्याचा धोतरांचा अख्खा गठ्ठा उचलून नेला होता.

तेव्हा कुठे मामा बाकड्यावर चढले आणि त्यांनी लोकांना खरं काय ते सांगितलं. लोक हसले, काही चिडले. मिरच्यावाली एक म्हातारी म्हणाली की माझा अंगठा परत द्या. खाँसाहेबांना तो कसा द्यावा हे समजेना. त्यांनी तिला तिचं पान दाखवून त्यावर काट मारली. तरी ते पान दुमडून हातात घेतल्याशिवाय ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीचं डफडं आणि पट्ट्यावरची पितळी चपरास जमा झाली. सरकारच्या नावाने खोटी दवंडी दिली, असा ठपका. तहसीलदारांनी मामांना भेटायला बोलावलं. मोठे मिठास बोलणारे गृहस्थ. चहा दिला. म्हणाले, तुमचा कागद मी पाहिला, त्यात शेवटी सगळं स्पष्ट लिहिलं आहे, तेव्हा तुमच्याकडे किंवा मास्तरांकडे काही दोष नाही. दोष कोतवालाचा. त्याने सांगितलं ते गाळलं आणि नाही ते घातलं. त्याची नोकरी तर जाईलच, वर खटला. अर्थात, ते चहा ढवळत म्हणाले, येत्या आठवड्यात बिल मंजूर झालं तर गोष्ट वेगळी. मग आम्ही असं समजू की दवंडी खोटी नव्हती, चार दिवस आधी झाली. त्यात मोठा गुन्हा नाही.

मी तो कागद तसाच्या तसा भिकाजीच्या हातात ठेवला होता. माझ्याच सुंदर अक्षरातलं ते शेवटचं वाक्य मला सोडवत होतं आणि त्याला अडकवत होतं. हे माझ्या लक्षात आलं. चहा मी संपवला.

परत येताना दमणीत मामा वही मिटून बसले होते. बैलसुद्धा आपणहून हळू चालले होते. मग त्यांनी गाडीवानाला गाडी भिकाजीच्या गावच्या महारवाड्याकडे वळवायला सांगितली.

त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. मामा सरळ भिकाजीच्या ओट्यावर जाऊन बसले. त्याच्या बायकोने भीत भीत पाण्याचा तांब्या आणला. मामांनी ते पाणी घेतलं आणि प्यायले. माझ्यापुढेही तांब्या आला. मी म्हणालो, तहान नाही. मी बाहेर दमणीजवळ उभा राहिलो. घरी ही गोष्ट सांगताना एवढा भाग मी नेहमी गाळतो. आज लिहितो आहे, कारण लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं.

मामांनी आधी विचारलं की शेवटचं वाक्य काऊन गाळलं. भिकाजीने मान वर केली. त्याने मामांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की ध्यानातून गेलं, साहेब. मामा वळले नाहीत. मग त्यांनी त्याला सगळा पेच समजावून सांगितला. बिल पास झालं तर तुझी दवंडी खरी, तू सुटला. मी ते अडवलं तर तुझी दवंडी खोटी, अन् तू गेला. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "आता तूच सांग बाप्पा. मी काय करू?"

घरातून लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "तीस वर्ष दवंड्या देऊन राह्यलो. कोनाची जमीन लिलावात, कोनाचे बैल जप्त, कोनाच्या घराले सील. एक बी खोटी नाही निघाली. एक तरी खोटी होऊ द्या."

मामांनी वही उघडली नाही. हा प्रश्न नव्हता.

नागपूरला मी त्यांच्याबरोबर गेलो. प्रेक्षकांच्या सज्जात बसायचा पास त्यांनी मिळवून दिला होता. खाली मामा विरोधी बाकांवर, पागोटं जरा तिरपं. पोलीस खातं सांभाळणाऱ्या होम मेंबरांनी बिल मांडलं. मग मामा उठले आणि त्यांनी अशी सूचना मांडली की हे बिल लोकमत अजमावण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात फिरवावं, तोवर त्याचा विचार करू नये. होम मेंबर हसले. म्हणाले की सन्माननीय सभासदांना प्रत्येकच गोष्टीला मुदत हवी असते. पण दरोडेखोर मुदत देत नाहीत. बाकांवर हशा झाला. सज्जात मीही हसलो, सवयीने.

मामा म्हणाले की या कलमाचा काय परिणाम होईल याविषयी मी तर्क करत नाही, कारण आमच्या जिल्ह्यात ते एका संध्याकाळपुरतं अमलात येऊन गेलं आहे. मग त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. तेली आणि कोष्टी, बैल, एकाच नावाचे चौघे, नवऱ्याचं नाव न घेणारी बाई. मन्याराचा प्रश्न त्यांनी वाचून दाखवला: सात बाजार, सात ठाणी, हजेरी कुठे? शेवटी ते म्हणाले की त्या संध्याकाळी गावातले सगळे पोलीस प्रामाणिक माणसांची नावं लिहीत होते, आणि गावात एकच माणूस असा होता की जो नाव द्यायला आला नाही. तो धोतरांचा गठ्ठा घेऊन गेला.

आता हसू वेगळं होतं. सरकारी बाकांवरही दोघे-तिघे हसले. होम मेंबर हसले नाहीत. त्यांनी विचारलं की ही बेकायदा दवंडी दिली कोणी. मामा म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून झाली. जबाबदारी माझी आहे. पण तिच्यापायी एक गरीब नोकर आज निलंबित आहे, हे सभेच्या नोंदीत असावं."

मत घेतलं. मेंबर होकाराच्या आणि नकाराच्या अशा दोन दारांनी बाहेर गेले आणि मोजून आत आले. दोन सरकारनियुक्त मेंबर कुठल्याच दाराने गेले नाहीत, आपल्या जागी बसून कागद चाळत राहिले. मामांची सूचना दोन मतांनी पास झाली. बिल लोकमतासाठी निघालं ते जिल्ह्याजिल्ह्यात फिरत राहिलं. पुढे ते कुठल्या दप्तरात पडलं हे मला ठाऊक नाही. कायदा म्हणून ते परत आलं नाही, एवढं खरं. लोकांनी मामांना हार घातले. मामांनी हार हातात घेतले आणि विचारलं की मलकापूरची पहिली गाडी कोणती.

कारण भिकाजीची चौकशी त्याच आठवड्यात होती. त्याची दवंडी आता कायमची खोटी ठरली होती.

तहसीलदारांच्या कचेरीत मामा भिकाजीचे वकील म्हणून उभे राहिले. दवंडी मीच द्यायला लावली असं त्यांनी लिहून दिलं होतं. तहसीलदार म्हणाले, ते ठीक, पण दवंडीसाठी तुम्ही जो कागद दिला त्यात 'सरकारचा हुकूम' नाही आणि 'अजून कायदा नाही' हे आहे. दवंडीत नेमकं उलट झालं. माझा कागद मेजावर होता. अक्षर खरंच सुंदर होतं. तहसीलदारांनी भिकाजीला विचारलं की शेवटचं वाक्य तू आपल्या मनाने गाळलंस की कोणी गाळायला सांगितलं.

भिकाजी म्हणाला, "मीच इसरलो, सरकार."

तहसीलदारांनी टाक दौतीत बुडवला. मी मागच्या बाकावर होतो. माझ्या शाळेच्या कमिटीचे चिटणीस तहसीलदारांचे चुलतबंधू होते, आणि सरकारी कामात घोटाळा करणाऱ्या मास्तराला ते एक दिवस ठेवणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. घरी आमचं पहिलं मूल व्हायचं होतं. हे सगळं मी त्या क्षणी फार हुशारीने मनात मांडत होतो.

मामा उठले. मला वाटलं, आता ते भिकाजीला उलट प्रश्न विचारतील, आणि माझं नाव बाहेर पडेल. मामांना सगळं ठाऊक आहे हे मला दमणीजवळ उभं असतानाच कळलं होतं. पण ते भिकाजीकडे वळलेच नाहीत. तहसीलदारांना म्हणाले की साहेब, निकाल लिहायच्या आधी पंधरा मिनिटं थांबावं अशी माझी विनंती आहे. तहसीलदारांनी विचारलं, कशासाठी? कोणी साक्षीदार यायचा आहे?

"सांगता येत नाही," मामा म्हणाले. "घाई नाही कराची, एवढंच."

तहसीलदार हसले, घड्याळ काढून मेजावर ठेवलं आणि कारकुनाला घेऊन पान खायला बाहेर गेले. खोलीत आम्ही तिघे आणि एक शिपाई. मामा खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहत उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. भिकाजी जमिनीवर बसला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. कोणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. इतकं एकटं मला नापास झाल्याचं कळलं तेव्हाही वाटलं नव्हतं. मामांनी आयुष्यभर लोकांना थांबवून थांबवून विचारलं की बाबा, तुझं म्हणणं काय; आज माझं म्हणणं विचारायला त्यांनी तोंडही उघडलं नाही.

तहसीलदार परत आले तेव्हा मी उभा होतो. केव्हा उभा राहिलो आठवत नाही. मी सांगितलं की त्याने मला विचारलं होतं, आणि मीच सोडून दे म्हणालो. का, असं तहसीलदारांनी विचारलं. मी भज्यांचंही सांगितलं. कचेरीतला शिपाई तोंडावर हात धरून हसला. लिहिणाऱ्या कारकुनाने 'भजी' हा शब्द लिहू की नको म्हणून साहेबांकडे पाहिलं.

भिकाजीला ताकीद देऊन त्याच दुपारी चपरास परत मिळाली. माझी मास्तरकी महिन्याच्या आत गेली, आणि पुढे मी बी-बियाण्याचं दुकान टाकलं, जे अजून चालतं आहे. घरच्या मंडळींना मी आजवर असंच सांगत आलो की माझी नोकरी मामांच्या राजकारणात गेली.

त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना मामा माझ्या पुढे दोन पायऱ्या होते. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो की मामा, पंधरा मिनिटं फार लांब वाटली. ते थांबले, चष्मा धोतराने पुसला आणि म्हणाले, "मी तं तासभर मागनार होतो, जावईबापू. मंग म्हनलं, एवढा काही वाईट नाही पोरगा."